फरशीवरचे पिवळे मशीन

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या घरमालकांइतका काटेकोर माणूस दुसरा नव्हता. हे विधान त्यांना मान्य झाले नसते. वसाहतीत माणसे किती आणि त्यांतली तुम्ही तपासली किती, असे त्यांनी विचारले असते. नव्वदच्या दशकात वार्ताहर म्हणून मी बोईसरला त्यांची वरची खोली भाड्याने घेतली. स्टेशन साधारण किती लांब आहे, एवढेच मी पहिल्या दिवशी विचारले होते. "साधारण म्हणजे काय?" ते म्हणाले. "पावलं कुणाची? तुमची का माझी?" आणि चपला घालून माझ्याबरोबर निघाले. जाताना त्यांनी माझी पावले मोजली, येताना स्वतःची, आणि दोन्ही आकडे खोलीच्या दाराआड पेन्सिलीने लिहून ठेवले. 'साधारण' हा शब्द त्यांच्या घरात आणि कारखान्यात बंद होता. शर्टाच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी असे. भाकरी जाड वाटली तर ती बाहेर निघे. मुलीला पाहायला आलेल्या मुलाने आपली उंची पाच फूट आठ सांगितली, तेव्हा यांनी त्याला दाराच्या चौकटीला टेकवून उभे केले. मुलगा अर्धा इंच कमी भरला. लग्न झाले, पण जावई अजूनही त्या दारातून जरा ताठ होऊन जातो.

सांगलीकडून ते इकडे आले तेव्हा त्यांच्याजवळ धातू कातायचा एक जुना लेथ होता. तो चालवायला पहिल्याच दिवशी शेजारच्या कुंभवलीचा काशिनाथ आला आणि तिथेच राहिला. काशिनाथ पट्टी वापरत नसे. लेथ थांबवून जॉबवर, म्हणजे कातायच्या तुकड्यावर, अंगठ्याचे नख फिरवी आणि म्हणे, "जरासा हाय अजून."

"जरासा म्हणजे किती?"

"जरासाच, शेठ."

मालक मायक्रोमीटर लावीत. जरासाच असे. या गोष्टीचा त्यांना वीस वर्षे त्रास झाला.

पुढे ते पंपात बसणारी, वळणदार पात्यांची चक्रे बनवू लागले आणि फाइव्ह-अॅक्सिस मशीन घ्यायचे ठरले. त्यात हत्यार तीन दिशांनी सरकते आणि टेबलावर बांधलेला जॉब स्वतः कलतो, फिरतो. तो पुन्हापुन्हा सोडून बांधावा लागत नाही. मशीन हवे यावर दुमत नव्हते. प्रश्न आकाराचा होता. लहान मशीनचे टेबल चारशे मिलिमीटरचे, मोठ्याचे आठशेचे. लहान घेतले तर हातातली कामे निघणार होती. मोठे घेतले तर एका पंप कंपनीचे मोठ्या चक्रांचे काम मिळणार होते. तसे कंपनीने लेखी कळवले होते.

मालकांनी दोन्ही मशीने कारखान्याच्या शेडमध्ये फरशीवर रंगाने खऱ्या मापात आखली, लहान पांढऱ्या रेघेने आणि मोठे पिवळ्या. पांढरे मोकळ्या जागेत बसले. पिवळे बसले ते लेथवर. म्हणजे मोठे आले की लेथ भंगारात जाणार आणि काशिनाथ घरी. निवृत्तीला त्याची पाच वर्षे उरली होती आणि नवे मशीन शिकायला तो तयार नव्हता. "कॉम्प्युटरला नख लावता येत नाय," एवढेच त्याचे म्हणणे. हे शेडमध्ये सर्वांना ठाऊक होते. कोणी बोलत नसे.

मालक दोन वर्षे विचार करीत राहिले. दोन्ही मशीने आलीच आहेत असे समजून वागायचा हुकूम होता. एकदा एक कामगार चहाची किटली घेऊन सरळ चालत आला.

"कुठून आलास?" मालकांनी विचारले.

"इथून."

"तिथं मशीन आहे."

तो मागे गेला आणि वळसा घालून आला. चहा निवला होता. मशीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा येई आणि म्हणे, "साहब, बड़ा ले लो। छोटा तो छोटा ही रहेगा।" मालक त्याला पांढऱ्या रेघेबाहेर उभे राहायला सांगत. पिवळ्या रेघेच्या आत राहायची मुभा फक्त काशिनाथला होती. तो म्हणे, "दोन वर्सं मशीनच्या पोटात उभा हाय, शेठ. अजून पचलो नाय."

त्या वर्षी खंडेनवमीला मशीनना झेंडूच्या माळा घातल्या. विकणारा पेढे घेऊन हजर होता. पूजा झाल्यावर काशिनाथने नारळ उचलला आणि पिवळ्या रेघेच्या आत जाऊन उभा राहिला.

"मोठंच घ्या, शेठ," तो म्हणाला. "माझी तीन वर्सं ऱ्हायली. त्याच्यासाठी मशीन बारीक करू नका."

त्याने नारळ फोडला. पाणी फरशीवर सांडले. मालक खाली वाकले आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले.

"पाणी भिंतीकडं जातंय," ते म्हणाले. "फरशीला उतार आहे. मोठं मशीन इथं बसणार नाही."

"साहब, ये फर्श तो टूटेगा," विकणारा म्हणाला. "फाउंडेशन नया बनेगा।"

हे त्याला मालकांनीच सांगितले होते. मलाही दोनदा सांगितले होते. सवयीप्रमाणे मी विचारले, "उतार किती आहे?"

पट्टी खिशात होती. हात तिकडे गेला नाही.

"असेल," ते म्हणाले. "साधारण."

मग काशिनाथ खोबऱ्याचे तुकडे करू लागला.

लहान मशीन आले. मोठ्या चक्रांचे काम दुसऱ्या कारखान्याला गेले. त्या कारखान्याने पुढे दुसरी शेड बांधली. मालकांनी त्याबद्दल कधी काही म्हटल्याचे मला आठवत नाही. तीन वर्षांनी काशिनाथ निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी मालक पलीकडे सत्काराच्या शालीची लांबी तपासत होते. काशिनाथने मला लेथजवळ बोलावले. ड्रॉवरमधून बेअरिंगचा एक छर्रा काढला आणि जिथे नारळ फोडला होता तिथे, फरशीवर ठेवला. छर्रा जागचा हलला नाही.

"त्याच दिवशी बघितलेलं मी," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? शेठ पयल्यांदाच चुकले." त्याने लेथवर अंगठ्याचे नख फिरवले. "तुमी पन सांगू नका. मोजत बसतील."

छर्रा त्याने तिथेच राहू दिला. पुढच्या सोमवारी मी शेडमध्ये गेलो. लेथ बंद होता. छर्रा होता तिथेच होता. मालक हातात पट्टी घेऊन समोरून आले आणि त्याला वळसा घालून पुढे गेले.