कशावरून मॅडम आणि पर्वतीचा पतंग

शाळेत जिनतला पोरं मागून 'कशावरून मॅडम' म्हणायची. मागून म्हणजे दोन बाकांवरून, बरोब्बर ऐकू जाईल अशा बेतानं. तिला राग यायचा नाही. उलट मनातून गुदगुल्याच व्हायच्या. कारण तिचं सगळं शिकवणं त्या एका शब्दात होतं. इंटरनेटवर काही वाचलंत की आधी विचारा, कशावरून? कोणी लिहिलं, कधी लिहिलं, त्याला काय ठाऊक? एका ठिकाणी वाचलंत तर तीन ठिकाणी ताडून पाहा. आणि दुसऱ्याचं घेतलंत तर त्याचं नाव लिहा, उगाच आपल्या नावावर खपवू नका.

आता हे शाळेपुरतं ठेवावं की नाही? नाही. नवरा युसूफ खराडीच्या आयटी पार्कातल्या एका कंपनीत हिशेब बघायचा. बिचारा दमून घरी यायचा आणि म्हणायचा, "आज काय उकडतंय!" लगेच, "कशावरून?" युसूफ न बोलता शर्टाची ओली कॉलर पुढे करायचा. पुरावा दिल्याशिवाय त्या घरात चहा मिळत नसे.

गोष्ट दोन हजार सातची. पेठेतली मराठी शाळा, नववी ब, संगणकाची खोली, आणि त्या खोलीत नव्यानं आलेलं इंटरनेट. ते आलं आणि जायच्या वाटेलाही लागलं. झालं असं की चिमणीवरचा प्रकल्प अर्ध्या वर्गानं एकाच पानावरून उतरवला. तोही हातानं, सुवाच्य अक्षरात, आणि प्रत्येकानं शेवटी निळ्या शाईनं लिहिलं होतं, 'मुख्य पानावर जाण्यासाठी येथे टिचकी मारा.' एकानं तर त्याखाली पट्टीनं रेघ ओढली होती.

मुख्याध्यापक शरच्चंद्र बेहेरे यांनी तिला बोलावून घेतलं आणि ती वही पुढे सरकवली. "मारून पाहिली टिचकी, मॅडम. काही झालं नाही."

जिनतनं ओठ चावून हसू आवरलं. पण त्याच आठवड्यात कोण्या दिवट्यानं बेहेरे सरांच्या नावानं ऑर्कुटवर खातं उघडलं आणि आवडींमध्ये टाकलं, नाच आणि पाऊस. सर एवढंच म्हणाले, "मला पाऊस आवडत नाही." आणि फर्मान सुटलं. दिवाळीपासून इंटरनेट बंद, खोलीत विज्ञान प्रदर्शनाचं सामान.

वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी संगणक नव्हता. उत्कर्षा नावाची एक मुलगी होती, वाशीमकडून आलेली, वडील कारखान्यात. ती मधल्या सुट्टीत डबा हातात घेऊन त्या खोलीच्या दाराशी उभी राहायची, आत यायची परवानगी मिळेपर्यंत. तिला काय सांगायचं? थर्माकोलचा ज्वालामुखी बघ म्हणून? जिनत सरांपुढे ठाण मांडून उभी राहिली. "एक तास माझा बघा, सर. संस्थेच्या लोकांनाही बोलवा. मुलांना खरं-खोटं पारखता येत नसेल तर मी स्वतः वायर उपटून देते."

"उपटू नका, गुंडाळून ठेवा," बेहेरे सर म्हणाले. म्हणजे परवानगी मिळाली.

आता अब्बांकडे वळू या, कारण सगळा घोळ तिथला आहे. जिनतचे अब्बा, अझीम पतंगवाले, यांचं गंज पेठेत पतंगांचं दुकान. त्यांच्याकडे एक गोष्ट होती. त्यांच्या आजोबांनी, म्हणजे जिनतच्या पणजोबांनी, एका संक्रांतीला पर्वतीवरून दाराएवढा पतंग उडवला, मांजा तुटला, आणि पतंग थेट सिंहगडावर जाऊन उतरला! ही गोष्ट अब्बा गिऱ्हाइकाला सांगत, वाण्याला सांगत, रस्ता विचारायला थांबलेल्याला पत्त्याऐवजी ही सांगत. जिनत सात-आठ वर्षांची असताना तिनं 'सिंहगडावर' हा शब्द ऐकताच विचारलं होतं, "कशावरून? कोणी पाहिला?" अब्बांचा चेहरा पडला. तेव्हापासून तीस वर्षं हेच चाललं होतं. अब्बा सिंहगडाशी पोचले की ही बया आडवी. अब्बा म्हणायचे, "अख्ख्या पुण्याला पटतं, पोटच्या पोरीला पटत नाही." आणि उठून पतंगांवरची धूळ झटकायला लागायचे. पतंगांवर धूळ नसायचीच.

एका रविवारी ती माहेरी गेली तर अब्बा फारच गोड बोलायला लागले. चहा झाला, खारी झाली, मग छताकडे बघत म्हणाले, "त्या तुझ्या इंटरनेटवर 'पर्वतीचा पतंग' असं टाकून बघ बरं कधी. सहज हो. माझा काही आग्रह नाही."

सोमवारी तिनं शाळेत टाकून पाहिलं. आणि अहो, सापडलं की! एका नाही, दोन नाही, तीन ठिकाणी! पर्वती, पणजोबा, दाराएवढा पतंग, सिंहगड, सगळं. वर 'ठीक चार वाजून दहा मिनिटांनी पतंग गडावर उतरला' अशी वेळसुद्धा. जिनत खुर्चीतल्या खुर्चीत एक गिरकी घेऊन आली. तीन ठिकाणी! ताडून झालं! संध्याकाळी ती पेढ्यांचा पुडा घेऊन गंज पेठेत धावली, अब्बांच्या पायाशी बसली आणि रडली. "तुमचं खरं होतं, अब्बा. मी उगाच छळलं तुम्हाला." अब्बांनी पेढा तोंडात टाकला, पण तो त्यांना लवकर गिळता येईना.

तुमच्या लक्षात आलंच असेल की कशावरून मॅडमनी या खेपेला कशावरून विचारलं नव्हतं. तिच्या मात्र नाही आलं. स्वतःच्या घरचं कौतुक छापून आलं की माणूस मजकूर तपासत नाही, दहा वेळा वाचतो. वर तिनं ठरवून टाकलं की संस्थेच्या लोकांपुढे हीच पानं घ्यायची, उत्तम माहितीचा नमुना म्हणून, आणि अब्बांना पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसवायचं.

अब्बा हादरले. "नको गं, दुसरं काही घे. बटाट्याची लागवड घे."

"बटाट्याची?"

"शिकण्यासारखं असतं त्यात खूप."

पण जिनत हवेत होती. तिनं काही ऐकलं नाही.

तो दिवस उजाडला. खोलीत मुलं दाटीवाटीनं बसलेली, मागे संस्थेची चार वडीलधारी मंडळी, बाजूला हाताची घडी घालून बेहेरे सर. मागून आणलेल्या प्रोजेक्टरनं भिंतीवर पान उमटलं. पहिल्या रांगेत अब्बा, इस्त्रीची शेरवानी घालून, रुमालानं मान पुसत. जिनतनं खणखणीत आवाजात गोष्ट वाचली आणि म्हणाली, "आता ही माहिती विश्वासार्ह का आहे ते सांगा बरं."

उत्कर्षानं हात वर केला. "मॅडम, कशावरून?"

"तीन ठिकाणी आहे म्हणून," जिनत हसून म्हणाली.

"पण लिहिलंय कोणी? तिन्हीकडे नुसतं 'एक पुणेकर' आहे."

योगेश नावाचा पोरगा संगणकाशी बसला होता. त्यानं तिन्ही पानं भराभर उघडली. "मॅडम, तिन्ही एकाच दिवशी टाकलीत. शब्द न् शब्द सेम आहे."

"आणि चार दहाला उतरला हे कोणी बघितलं?" मागचा एक जण ओरडला. "पतंगाच्या हातात घड्याळ होतं का?"

वर्गात हशा पिकला. हसू आवरेना कोणाला. आणि उत्कर्षा त्या गोंधळात शांतपणे म्हणाली, "मॅडम, हे तीन साक्षीदार नाहीत. एकच माणूस तीन टोप्या घालून आलाय."

जिनतचे कान तापले. हे सगळं तिनंच शिकवलं होतं, एकेक प्रश्न तिचाच होता, आणि पोरं तो तिच्यावरच सोडत होती. बेहेरे सरांकडे बघायची तिची छाती होईना. तास इथंच संपला म्हणावं, असं तिच्या मनात आलं. पण मग पुढच्या खेपेला या पोरांना कुठल्या तोंडानं सांगणार, विचारा म्हणून? ती वर्गाकडे वळून म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. शोधा मग. कोण आहे तो माणूस?"

"इथं लेखकाच्या नावावर टिचकी मारली की कळेल," योगेश म्हणाला, आणि मारली.

बेहेरे सरांनी वहीवर टिचकी मारून काही झालं नव्हतं. या टिचकीनं मात्र भिंतभर फोटो उमटला. मागे रंगीबेरंगी पतंग, पुढे काउंटर, आणि काउंटरवर कोपर टेकून हसणारे साक्षात अब्बा! आणि त्यांच्या बरोबर खाली, पहिल्या रांगेत, न हसणारे अब्बा.

एवढ्यात कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग काय विचारता! पोरं बाकांवर कोसळली. संस्थेचे एक आजोबा डोळे पुसत होते. जिनतला हसावं की भिंतीत शिरावं ते कळेना.

अब्बा उठून उभे राहिले. शेरवानी नीट केली. "मीच लिहिलं. स्वारगेटजवळ संतोषचं सायबर कॅफे आहे, त्यानं टाइप करून दिलं. फोटो लावायला नको म्हटलं होतं मी त्याला, तो म्हणाला लागतोच." मग ते पोरीकडे वळले. "ही म्हणते, तीन ठिकाणी पाहिजे. म्हणून तीन ठिकाणी टाकलं. वेळ पाहिजे म्हणून वेळ टाकली. तीस वर्षं मी तोंडानं सांगतोय, बेटा, तेव्हा तू ऐकलं नाहीस. इंटरनेटवर आलं तर दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आलीस."

आता मात्र कोणी हसलं नाही. जिनतला लाज वाटली, राग आला, आणि या सगळ्याच्या वर म्हाताऱ्याची भयंकर माया आली.

बेहेरे सरांनी घसा साफ केला. "मॅडम, तुम्ही जे शिकवता ते मुलांना आलेलं आहे. तुम्हाला यायचंय." संस्थेच्या मंडळींकडे बघून ते पुढे म्हणाले, "तेव्हा इंटरनेट राहू द्या. एक विद्यार्थिनी कच्ची आहे अजून."

पोरांनी जो काही गलका केला, तो खालच्या भेळवाल्याला ऐकू गेला असणार. उत्कर्षा तर बाकावरच चढली. आणि खोली रिकामी झाल्यावरही ती आणि योगेश काही हलेनात. "मॅडम, पानं दुरुस्त करायला पाहिजेत ना? असं खोटं कसं ठेवायचं?"

"खोटं नाही!" अब्बा उसळले.

"मग 'असं आमच्या घरात सांगतात' एवढं लिहू या, अब्बा," जिनत म्हणाली. "आणि खाली तुमचं नाव. आणि ते चार दहा काढा."

"काढतो. पण एका अटीवर. गोष्ट पुरी ऐकायची. मध्ये बोलायचं नाही."

जिनतनं तोंडावर बोट ठेवलं. उत्कर्षानं कीबोर्ड पुढे ओढला. अब्बांनी सुरुवात केली. पर्वती, दाराएवढा लाल पतंग, तुटलेला मांजा. आजोबा त्याच्यामागे पळत सुटले, मांजा गुंडाळायची आसारी हातातच. पतंग दिसेनासा झाला तरी सिंहगडाच्या दिशेनं चालत राहिले. गडावर झाड न् झाड बघितलं. पतंग नव्हता.

जिनतनं चमकून वर पाहिलं. पण बोट तोंडावरच ठेवलं.

"उतरताना एक दहीवाली भेटली," अब्बा म्हणाले. "एवढा बाप्या माणूस रडतोय बघून तिनं त्यांना वाडगंभर दही दिलं आणि म्हणाली, 'रडू नगा. आलता की तुमचा पतंग. म्या सोता पाहिला, वाऱ्यानं पल्याड गेला. लाल व्हता न्हवं?' आजोबा खूश होऊन घरी आले. पण मांजाही लालच होता, बेटा, बोटं रंगलेली होती त्यांची. तिनं पतंग पाहिला की बोटं पाहिली, हे त्यांना कधी कळलं नाही. शेवटपर्यंत म्हणायचे, कोण जाणे."

"हे तुम्ही कधीच सांगितलं नाहीत."

"तू सिंहगडाच्या पुढे कधी जाऊ दिलंस? मग मीही पतंग तिथंच उतरवून टाकला."

जो प्रश्न ती तीस वर्षं विचारत होती, तो पणजोबांनी तिच्या आधीच विचारून ठेवला होता. जिनतनं अब्बांचा हात हातात घेतला आणि ती एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली.

"मॅडम, शेवट काय लिहू?" उत्कर्षानं विचारलं.

"कोण जाणे, असंच लिही," जिनत म्हणाली. "आणि त्यापुढे पणजोबांचं नाव लिही. त्यांचं वाक्य आहे ते."