बिननावाचं इंजिन

डिझेलचा वास आला की मला लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आठवतो. घोलवडला आमच्या वाडीत नव्याने लावलेली चिकूची कलमं सुकत चालली होती आणि रहाटाचा एक बैल नुकताच मेला होता. सासऱ्यांनी गोठ्यामागे पडून असलेलं जुनं इंजिन पंपासकट बाहेर काढलं. त्यावरचं नावसुद्धा गंजाने खाल्लं होतं. "कुठलं ते कळल्याशिवाय सामान कुठून आणायचं?" यजमान म्हणाले. मी ओसरीवरून बघत होते, पाय एका जागी ठरत नव्हते. शेवटी बोललेच, "आमच्या वाणगावच्या गिरणीत असंच होतं. अशीच दोन चाकं, वर पाण्याची टाकी." माझ्या वडिलांनी गिरणीतल्या मोडीत निघालेल्या इंजिनाचं डिझेल फवारणारं नोझल पाठवलं, आमच्या गंजलेल्याच्या जागी ते बरोब्बर बसलं. तरी इंजिन चालू होईना. हँडल मारून मारून यजमान घामाघूम झाले. सासरे म्हणाले, "राहू दे आता." मला राहवेना. "दाब सोडायचा खटका मी धरते, तुम्ही दोन्ही हातांनी फिरवा," म्हणत मी पदर खोचला. चाकांनी वेग घेतला, यजमान ओरडले, "सोड!" मी खटका सोडला, काळा धूर उडाला आणि पायाखालची जमीन हादरायला लागली. पाटात पाणी आलं तसे सगळे कलमांकडे धावले. सासरे हाका मारत होते, "सूनबाई, पाणी बघायला ये!" पण मी हलले नाही, नजर हटवली तर ते बंद पडेल असंच वाटत होतं. आता वाटतं, जायला हवं होतं. कोरड्या मातीत शिरणारं ते पहिलं पाणी घरात फक्त मीच पाहिलं नाही.