खुशाल चाबीवाला पीत नव्हता

पत्र वाचताना मी एक ओळ गाळली. सुलोचनाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"थांबली काऊन?"

"कुठं थांबली मावशी? वाचून राहिली ना."

"श्वास घेतला तू. डोरे वरून खाली नेले. नाटकवाली असशील तू, पन मले नाटक नको दाखवू. काय लिहिलं हाय तिनं?"

'ती' म्हणजे अल्का, सुलोचनाबाई डोंगरे यांची एकुलती एक मुलगी. नर्सिंग शिकायला गोंदियाला गेली, तिथं प्रफुल्लच्या प्रेमात पडली, त्याच्या घरचा ख्रिस्ती धर्म घेतला, आणि आता नऊ वर्षं झाली, दोघं लेकीला घेऊन आफ्रिकेतल्या मलावी देशात मिशनरी आहेत. महिन्याच्या शेवटी तिचं पत्र येतं. मोबाइलवर, इंग्रजीत, फोटोंसकट. ते असतं परदेशातल्या मंडळीसाठी, म्हणजे ज्यांच्या मदतीवर यांचं तिथलं काम चालतं त्यांच्यासाठी. त्याचीच एक प्रत आईला. आईला वेगळं, मराठीत लिहायला लेकीला सवड नसते. मी शेजारची, नागपूरला नाटक शिकून नुकतीच सालेकशाला परत आलेली. म्हणून वाचायचं काम आता माझ्याकडं; तोवर सुलोचनाबाई नुसते फोटो बघत.

पत्रात सुरुवातीला नेहमीचंच होतं. पहाटे चारला बोअरवेलवर रांग. प्रफुल्ल जीप घेऊन गावोगाव प्रार्थनेला जातो. अल्का दुपारपर्यंत मुलांच्या पायांशी बसलेली. तिथल्या मातीतली एक पिसू अंगठ्यात शिरून अंडी घालते म्हणे. ती सुईनं उकरून काढायची, पू पिळायचा, धुवायचं, पुढचा पाय घ्यायचा. संडासात बोटाएवढी झुरळं. हमरस्त्यावर काडीला टोचून भाजलेले उंदीर विकतात, केसांसकट. त्याचाही फोटो होता. मी मोबाइल लांब धरला.

"नाक कायले मुरडतं?" सुलोचनाबाई म्हणाल्या होत्या. "माहा आजा धानाच्या बांधीतले उंदीर भाजून खाय. भुकेल्या मानसाच्या जेवनाची किळस नाही करू. अन् पोरीनं लोकाइच्या लेकराइचा पू धुतला, ते चांगलंच केलं. पुढं वाच."

पुढं ती ओळ होती. आता वाचावीच लागली. मी मराठी करत वाचली.

"माझे वडील दारूचे गुलाम होते. एके सकाळी नशेत झोकांड्या खात ते रुळांवर कोसळले आणि मेले. माझी आई आजही जंगलातल्या झोपडीत, त्याच अंधारात राहते."

आम्ही बसलो होतो स्लॅबच्या घरात, टाइल्सच्या फरशीवर. मागं फ्रिज घरघरत होता.

"अजून एक डाव वाच."

मी वाचलं. तिसऱ्यांदाही वाचायला लावलं. मग त्या उठल्या, नहाणीत गेल्या, आणि घसा खरवडून थुंकल्याचा आवाज आला.

खुशाल डोंगरे रेल्वेत चाबीवाला होता. रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या ज्या लोखंडी चाव्या असतात, त्या बघत रोज दरेकशाच्या घाटातून चालत जायचं, सैल दिसली की हातोडीनं ठोकायची. जाऊन-येऊन बारा किलोमीटर. पौर्णिमेला पांढरा सदरा घालून विहारात पुढं बसायचा आणि वंदना इतक्या बेसुरात म्हणायचा की पोरं तोंडात रुमाल कोंबत. दारूचा थेंब नाही. वरातीत त्याला सोड्याची बाटली देऊन लोक गप बसत.

अल्का चौदा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. श्रावणातली सकाळ. बुटाची नाडी बांधायला तो खडीवर टेकला, आणि पोटरीला काहीतरी चावलं. मुंगी असेल म्हणून त्यानं झटकलं. मण्यार होती. मण्यारीचा दंश दुखत नाही, तिथंच फसगत होते. हा बिचारा तासभर चाव्या ठोकत चालत राहिला. मग पापण्या उतरायला लागल्या, जीभ जड झाली, पायात पाय अडकायला लागले. कसाबसा फाटकापाशी पोचला.

फाटकाशी चार-पाच जण उभे होते. "अबे, आज चाबीवाल्यानंबी टाकली!" कोणीतरी टाळी दिली. त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण तोंडातून नुसता बरबर आवाज. लोक हसले. मग माणुसकी म्हणून सावलीत निजवला, उतरेल म्हणाले. रूळ दुरुस्तीच्या गँगमधला उदाराम मागून आला, त्यानं वाकून तोंडाचा वास घेतला, दारूचा नव्हता, आणि तो बोंब मारत धावला. पण तोवर अर्धा तास गेला होता. गोंदियाच्या दवाखान्याच्या वाटेवर, आमगावच्या अलीकडं, खुशालनं श्वास सोडला.

"सापानं तं मारलाच," सुलोचनाबाई सांगतात. "पन अर्धा घंटा त्या एका शब्दानं खाल्ला. पिऊन आला. त्याचा वास घ्याले कोनाले वाकवलं नाही."

अनुकंपेवर त्यांना नोकरी मिळाली. ऑफिसात पाणी द्यायची मिळत होती, यांनी गँग मागितली. नवऱ्याच्याच घाटात एकोणीस वर्षं फावडं आणि खडी. आजही तळहात दगडासारखे आहेत. त्यावर अल्का शिकली.

आणि त्या अल्कानं हे लिहिलं.

जानेवारीत ती आली. प्रफुल्ल, अकरा वर्षांची खुशबू, आणि सोबत मंडळीचे दोन पाहुणे, एक उंच म्हातारा नि त्याची बायको. पाहुणे गोंदियाच्या हॉटेलात उतरले. दुसऱ्या दिवशी येऊन ते अल्काच्या आईचं शूटिंग करणार होते. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मी वड्यांसाठी कोचईची, म्हणजे अळूची, पानं धूत होते, आणि मायलेकी समोरासमोर.

"बाप पेत होता तुहा?"

"आई, इंग्रजीत असतं ते. इथं कोन वाचते?"

"म्हंजे तिकडच्याइनं वाचलं तं चालते?"

"तसं नाही गं. मी आधी खरंच लिहिलं होतं. रेल्वे लाइनवर काम करता करता गेले, एवढंच. तिकडच्या ऑफिसातून विचारलं, दारूमुळं का? मी काही उत्तर दिलं नाही. माझी पत्रं तिथूनच मंडळीला जातात; पुढच्या पत्रात ते छापूनच आलं."

"अन् तू?"

"मी काही बोलली नाही."

"मंग?"

"मग लोकांची पत्रं आली, आई. ढीगभर. कोनी लिहिलं, माझेही वडील असेच गेले. कोनी लिहिलं, तुझ्यामुळं मी दारू सोडली. दवाखान्याची खोली त्यातून उभी राहिली. आता मी कसं मागं घेऊ? सात वर्षं झाली."

"सात वर्सं झाले तू बापाले पाजून राहिली."

अल्का रडायला लागली. सुलोचनाबाईंनी माझ्या हातातली पानं घेतली आणि शिरा कापायला लागल्या, जोरजोरात.

"आई, उद्या नुसती बस त्यांच्यासमोर. मंडळीनं हात काढला तर तिथलं सगळं बंद पडेल. त्या पोरांनी जायचं कुठं?"

"बसतो. पोराइचं वाईट नाही करत मी. पन तुह्या बापाचं मी सांगन. जसं होतं तसं."

"सांग ना. मी इंग्रजीत करून सांगते."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता गाडी लागली. म्हाताऱ्यानं सुलोचनाबाईंचा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ हलवला, मग मागं वळून खिशातल्या बाटलीतलं जंतू मारायचं औषध स्वतःच्या हातांना चोळलं. ते मी बघितलं. बाईंनीही बघितलं, पण पाहुणा म्हणून गिळलं.

मग रंगमंच सजायला लागला. दुसरा शब्द नाही त्याला. खुर्ची अशी फिरवली की भिंतीवरचे बुद्ध आणि बाबासाहेब चौकटीबाहेर गेले. फ्रिजवर चादर टाकली. प्रफुल्लनं कुठून तरी मातीची चूल आणून बाईंच्या पायाशी ठेवली.

"आई, हे पिवळं लुगडं बदलता का? एखादं जुनं असेल तर..."

"नवं असताना जुनं काऊन? कोनी मेलं का?"

प्रफुल्ल हसला. तो वाईट माणूस नाही, हीच तर पंचाईत. वाईट असता तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. सगळे गोड बोलत होते, सगळ्यांच्या चेहऱ्यावर प्रेम होतं, आणि मला घामट वासात कोंडल्यासारखं होत होतं.

कॅमेरा सुरू झाला. सुलोचनाबाईंनी पदर सारखा केला.

"अल्काचा बाप चाबीवाला होता. रोज घाटात पायी जाय. एकदा रुळाच्या मधात त्याले माकडाचं पिल्लू सापडलं. मायपासून चुकलेलं. यानं त्याले उचललं, तं ते डोक्शावरच बसलं, टोपीवानी. तसाच फाटकापर्यंत आला. लोक म्हनत, चाबीवाल्याले असिस्टंट भेटला!"

सांगताना त्यांच्या डोळ्यांत हसू आलं. मीही हसले. अल्कानं खाली मान घालून इंग्रजीत सांगितलं, हळू आवाजात, भराभर. मी दारापाशी होते, पंख्याच्या आवाजात मला शब्द लागले नाहीत. पण पाहुण्या बाईनं पर्समधून रुमाल काढला आणि डोळ्यांना लावला.

सुलोचनाबाई थांबल्या. म्हाताऱ्याकडं बघितलं. तोही कपाळाला आठ्या घालून, दुःखानं, मान हलवत होता.

"मी तं हसवाचं सांगून राहिली. हे रडून काऊन राहिली?"

त्यांनी नातीला हातानं खुणावलं.

"खुशबू, इकडं ये. तुही माय का सांगून राहिली त्याइले?"

पोर आईकडं बघायला लागली. ती तिकडंच वाढलेली, इंग्रजी मातृभाषेसारखी. इथली झाडीबोली फोनवर आजीकडून शिकलेली.

"खुशबू, बाहेर जा," अल्का म्हणाली.

"राहू दे तिले. बोल गं माय."

खुशबूनं ओठ चाटले. "आई म्हनते... आजोबा दारू पिऊन माकडासारखे करत. अन् लोक हसत. अन् घरी येऊन तुले मारत."

पंखा फिरत होता. चुलीत राख नव्हती. नवी कोरी, कुंभाराकडची असावी. माझी नजर उगाच तिच्यावर खिळली, कारण वर बघायची सोय नव्हती.

सुलोचनाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी नातीला जवळ ओढून पायाशी बसवलं. "आता मी बोलतो तसं सांग. एक शब्द बदलवू नको."

आणि एकेक वाक्य सांगितलं. पीत नव्हता. साप चावला. मण्यार. ड्युटीवर होता. लोकाइले वाटलं पेला. म्हनून मेला. पोर प्रत्येक वाक्यानंतर इंग्रजीत बोलत गेली, शाळेत कविता म्हणावी तशी खणखणीत. 'मण्यार' तिला येईना, तिनं नुसतं साप म्हटलं.

म्हाताऱ्यानं अल्काकडं वळून विचारलं, खरं आहे का हे?

अल्कानं प्रफुल्लकडं बघितलं.

"आतातरी बोल!" सुलोचनाबाईंचा आवाज पहिल्यांदा फुटला.

"खरं आहे," अल्का म्हणाली. "बाबा पीत नव्हते."

मला वाटलं, संपलं. झाला न्याय. म्हाताऱ्यानं चष्मा पुसला, विचार केला, आणि फार मऊ आवाजात बोलला. प्रफुल्लनं सांगितलं, "ते म्हनतात, आई, तुमी फार धीराच्या आहात. तुमच्या दुःखाबद्दल प्रार्थना करू. पन ही साक्ष आता इतक्या लोकांपर्यंत गेली आहे, की बदलली तर त्यांच्या विश्वासाला धक्का बसेल. ते आता राहू द्यावं. आज फक्त बाहेरून घराचं थोडं चित्रण करू."

"अन् या मेलेल्या मानसाले धक्का नाही बसत?"

याचं भाषांतर कोणी केलं नाही.

बाहेर जाऊन म्हाताऱ्यानं कॅमेरा लावला. बाईंच्या घराकडं नाही. बाजूला, शेजारच्या कवडूच्या कुडाच्या गोठ्याकडं. दोन बकऱ्या दारात रवंथ करत होत्या. अल्काला गोठ्यासमोर उभं केलं. ती उभी राहिली. तेवढ्यात पिवळं लुगडं तिच्या नि कॅमेऱ्याच्या मधे आलं.

"हे कवडूच्या बकऱ्याइचं घर हाय. बकऱ्याइची साक्ष पाहिजे असन तं कवडूले विचारा."

कुंपणापलीकडून कवडू खदखदून हसला. "मावशी, एक बकरी पेते, तिले पुढं करू का?"

हसण्यासाठी इंग्रजी लागत नाही. म्हाताऱ्यानं कॅमेरा मिटला. वड्या, भात, वरण सगळं झालं होतं. ते दोघं पोट बरं नाही म्हणून जेवले नाहीत, गाडीत जाऊन बसले. प्रफुल्ल सामान गोळा करत होता.

सुलोचनाबाई पायरीवर बसल्या होत्या. उन्हानं की रागानं, चेहरा तांबडा. अल्का आतून पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि वाकून पुढं धरला.

"आई, पुढच्या पत्रात मी खरं लिहीन. शपथ घेते."

बाई ग्लासाकडं बघत राहिल्या. हात मांडीवरून उचलला, अर्ध्यावर नेला, आणि परत मांडीवर ठेवला.

"ठेव खाली."

"आई, पी ना."

"ठेव म्हटलं ना. जा आता, गाडी थांबून हाय."

अल्कानं ग्लास पायरीवर ठेवला. खुशबू आजीच्या गळ्यात पडली, तिला बाईंनी घट्ट धरलं. गाडी आमगावच्या रस्त्याला लागली.

"मावशी, आत चला."

"माह्या मायले विहिरीवर पानी घेऊ देत नव्हते," त्या म्हणाल्या. "वरून वतत, अन् मायनं ओंजळ धराची. आमच्या हातचं तं कोनी पेतच नव्हतं. किळस ये त्याइले. त्या लोकाइले मी जलमभर शिव्या देल्ल्या." त्यांनी ग्लासाकडं बघितलं, हात लावला नाही. "अन् आज पोटच्या पोरीच्या हातचं पानी माह्याच्यानं घेववलं नाही. मी त्याइच्यावानी झाली का वं?"