लिनची गुणी मुलगी

लिन आज सकाळी गेली. तिची मुलगी खोलीतच होती, पण हात मी धरला होता.

लगेच त्या पोरीला नावं ठेवू नका. आधी ऐका.

आयटीची लाट आली तेव्हा नवऱ्याच्या पोस्टिंगवर आम्ही योकोहामाला आलो. बिल्डिंगमध्ये निम्मे आपले, निम्मे चिनी. सगळे सॉफ्टवेअरवाले.

लिन समोरच्या दारातली. चीनमधल्या दालियनची. ती आणि तिचा नवरा, दोघंही प्रोग्रामर. मी घरी, डिपेंडंट व्हिसावर.

तिचं मोडकं इंग्लिश, माझं मोडकं जपानी. तेवढ्यावर इतकी वर्षं मैत्री चालली.

माझी सई आणि तिची तिंगतिंग, एकाच महिन्यातल्या.

तिंगतिंग रांगायला लागली आणि लिनची आई येऊन तिला दालियनला घेऊन गेली. इथे पाळणाघरात जागा नव्हती, आणि ऑफिस सुटायची वेळ म्हणजे देवालाच ठाऊक.

"अगं, असं कसं पाठवतेस?" मी भडकलेच तिच्यावर.

"आमच्यात सगळेच पाठवतात," ती म्हणाली. "सईकडे दिवसभर तू आहेस. माझ्या घरी कोण आहे?"



मग दर रविवारी ही बया पिशवी घेऊन हजर. लेकीसाठी आणलेले कपडे सईच्या अंगावर घालून बघायची. माप म्हणून माझी मुलगी.

"सई-चान, हलू नको हं," म्हणत बटणं लावायची. लावून झाली तरी सईला सोडायची नाही.

तिकडे आजीने खाऊ घालून घालून तिंगतिंगला चांगली गुटगुटीत केली होती. एकदा फोटो आला, तर स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत! आम्ही दोघी खूप हसलो. मग लिन बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पार्सल पोचलं की फोन व्हायचा. पलीकडून पोरगी त्यांच्या भाषेत म्हणायची, "थँक्यू, मम्मी."

"किती गोड गं! काय मॅनर्स आहेत!" मी म्हटलं.

"आजीला ती थँक्यू म्हणत नाही," लिन म्हणाली. "आजीवर ओरडते."

मी माझ्या आईला थँक्यू म्हटलं असतं, तर तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. त्यांच्याकडेही तसंच. घरच्या माणसाला कोणी थँक्यू म्हणत नाही. ते परक्यांसाठी.

शाळेच्या वयाची झाली तेव्हा तिंगतिंग परत आली.

फ्रिज उघडायलासुद्धा परवानगी मागायची. जेवण झालं की आपला बाउल स्वतः उचलून ठेवायची आणि वर थँक्यू.

एकदा आम्ही चौघी कोपऱ्यावरच्या कोनबिनीत दूध आणायला गेलो. आईस्क्रीम घेऊ दिलं नाही म्हणून सईने भर दुकानात फरशीवर लोळण घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन धपाटे घालणारच होते.

लिन सईकडे टक लावून बघत होती. "यू आर सो लकी," म्हणाली.

तिंगतिंग शेजारी हाताची घडी घालून उभी.

वर्षभरात पोरगी वाळली. जेवेना. पण एकदाही रडली नाही हो! डॉक्टर झाले, शाळेच्या बाई घरी येऊन गेल्या. शेवटी लिनच्या नवऱ्याने तिला आजीकडे नेऊन सोडलं.

लिन त्या दिवशी आमच्याकडे येऊन बसली. मी पोहे केले, ते ती चमच्याने नुसती चिवडत राहिली. सोमवारी ऑफिसला गेली.

पुढे तिची झोप उडाली. चिनी मैत्रिणी म्हणायच्या, गरम सूप पी, नीट जेवत जा. ऑफिसात कोणी विचारलं, "लिन-सान, दाइजोबु?" तर ही म्हणायची, "दाइजोबु." ठीक आहे मी.

मी म्हटलं, "मनाच्या डॉक्टरकडे जाऊ या ना. मी येते बरोबर."

"काय सांगू त्याला? माझी मुलगी फार गुणी आहे म्हणून?"

गेल्या वर्षी कॅन्सर निघाला. तिंगतिंग शांघायच्या नोकरीतून रजा घेऊन आली. आता चांगली मोठी झालीय, सईएवढीच. आईला सफरचंद सोलून द्यायची, पाय चेपायची, डॉक्टरांशी बोलायची. कशातही कमी केलं नाही तिने, हे मी स्वतः पाहिलंय.

आणि लिनने नुसता रुमाल जरी पुढे केला तरी, "थँक्यू, मम्मी."

मागच्या आठवड्यात लिन मला म्हणाली, "तिला सांग ना, मला थँक्यू म्हणू नकोस."

"तूच सांग की."

"मी सांगितलं तर सॉरी म्हणेल."

गेले बाहेर. हॉस्पिटलच्या व्हेंडिंग मशीनपाशी पोरीला गाठलं आणि सांगितलं, जमेल तसं, इंग्लिशमध्ये.

रागावली नाही ती. हातातला चहाचा कॅन नुसता फिरवत राहिली.

"मग काय म्हणू, आंटी? मला खरंच माहीत नाही. तुम्ही सांगा, मी तसं म्हणते."

एरवी माझ्या तोंडाचा पट्टा बंद होत नाही, ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. सई मला दिवसभर काय काय म्हणते, ते आठवून बघितलं. भूक लागलीये. माझा चार्जर कुठे ठेवलास? किती बोलतेस गं, उरुसाइ, गप्प बस! अर्धं मराठी, अर्धं जपानी, आणि सगळं वसकन अंगावर येऊन.

यातलं काय शिकवू त्या पोरीला? आणि कसं?

"विचार करून सांगते," म्हटलं.

आज सकाळी लिन गेली.

लिन, तुला माझा आणि सईचा शेवटचा नमस्कार.