मुलाआधी आलेली खुर्ची

मंडळी, आज मुलुंडला एक छोटी खुर्ची पोचवून आले आणि मन अजून तिथेच अडकलंय.

मी फर्निचर डिझाइन करते. नेहा आणि समीर कधीपासून दत्तक मुलाची वाट बघतायत. नेहा पाळण्याला नाहीच म्हणाली. "मूल केवढं असेल कुणास ठाऊक. आणि रिकामा पाळणा बघवणार नाही गं."

म्हणून खुर्ची. तिच्या पाठीत मी एक छोटंसं दार बसवलं, खरंच उघडणारं.

समीरला ते पटलं नव्हतं. "दाराचा उपयोग काय? त्यापेक्षा खाली ड्रॉवर दे ना, खेळणी राहतील."

"उपयोग काही नाही रे. कुणीतरी येणार आहे, एवढंच सांगतं ते," मी म्हटलं.

आज खुर्ची हॉलमध्ये ठेवली. समीर तिच्याशेजारी जमिनीवर बसला, डोकं खुर्चीच्या उंचीला आणून खिडकीकडे बघितलं, खुर्ची थोडी सरकवली, परत बघितलं.

मग म्हणाला, "आता इथे बसून डोंगर दिसेल त्याला."

"किंवा तिला," नेहा हळूच म्हणाली.

अजून न आलेल्या माणसासाठी तुम्ही कधी घरात जागा ठेवलीये? सांगा ना.