हवारच्या खडकावरून समुद्रगाय बघताना

बहारीनमध्ये सील नसतात. पण हवार बेटांजवळ समुद्रगायी दिसतात, हे मैत्रीने, माझ्या दहा वर्षांच्या मुलीने, मला शंभरदा तरी ऐकवलं होतं. गोष्ट नव्वदच्या दशकातली. त्या मार्चमध्ये ती आणि माझी बायको सुनंदा कायमच्या नागपूरला गेल्या आणि अस्करच्या फ्लॅटमध्ये मी, माझी शिफ्ट आणि फ्रिजमधलं कालचं वरण एवढंच उरलं. दर शुक्रवारी फोन करायचो. मैत्री ‘फाइन’ म्हणायची आणि फोन आईकडे द्यायची. तिला सांगावं असं माझ्याकडे काही घडतच नव्हतं. म्हणून हिवाळ्यात ठरवलं, समुद्रगाय बघायचीच. तेवढ्यावर तरी लेक दोन मिनिटं बोलेल.

अस्करहून दक्षिणेला अद-दूरच्या धक्क्यापर्यंत रस्ता सरळ आणि रिकामा. परतीला टॅक्सी मिळत नाही, म्हणून ड्रायव्हरला संध्याकाळचं आधीच सांगून ठेवलं. सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, जवळ असू द्या, धक्क्यावर बघतात. बोट तासाभरात पोचवते. भाड्यात तळलेला मासा आणि भात धरलेला असतो, आणि मासा खरंच फक्कड होता. मी सवयीने तीन संत्री नेली होती. तिन्ही मीच खाल्ली.

बोटवाला युसूफ साठीचा, कामापुरतं हिंदी बोलणारा. त्याने मला बेटाच्या टोकाशी, समुद्रात घुसलेल्या खडकावर नेऊन बसवलं. खाली उथळ पाणी, आधी हिरवं, मग एकदम निळं. पाणकावळ्यांची काळी रांग संपता संपत नव्हती. असलं काही दिसलं की माझं कोपर आपोआप शेजारच्याला ढोसायला जातं. शेजारी कोणी नव्हतं. मला फार एकटं वाटलं.

बराच वेळ गेला. मग खाली बोटीतून युसूफ ओरडला, “बगर! बगर!”

मला ऐकू आलं, बकरं. मी झटकन मागे वळलो आणि उतारावर बकरं शोधू लागलो. बेटावर हरणं आहेत, तर बकरंही असेल, असा माझा हिशोब. शहाणा माणूस! पुन्हा समुद्राकडे वळलो तेव्हा पाण्यावर फक्त एक मोठं वर्तुळ पसरत होतं.

“पानी में था,” युसूफ कपाळावर हात मारत म्हणाला. “तुम उधर क्या देखता? खलास.”

ऊन उतरेपर्यंत थांबलो, पण ती काही पुन्हा वर आली नाही.

पुढच्या शुक्रवारी फोनवर थाप मारायचं मनात होतं. जमलं नाही. सगळं खरं सांगितलं, बकऱ्यासकट. आणि मैत्री जी हसत सुटली! कितीतरी महिन्यांनी तिचं हसू ऐकत होतो.

“बाबा, बगर इज काऊ,” ती म्हणाली. “आम्हाला अरेबिकच्या टीचरनी शिकवलं होतं.” मग हसू थांबलं. “आय वुड हॅव टोल्ड यू. मी तिथे असते तर.”

फोन सुनंदाने घेतला तेव्हा मी तिला एवढंच म्हणालो, की काँट्रॅक्ट रिन्यू करत नाही.

हवारला जाणार असाल तर हिवाळ्यात जा, टोपी न्या. आणि एकटे जाऊ नका.