येळवशीत पास झालेलं कर्नल

नागेश चुडाव्याचा. परभणीत आमच्या छोट्या कंपनीत तो सर्व्हर सांभाळतो आणि मी फोन. काही खाजगी कापूस खरेदी केंद्रांवर गाड्यांना रांगेचे नंबर आमच्याच सर्व्हरवरून मिळतात. हा गडी इतका जपून वागणारा, की कुलूप लावून चारदा ओढून बघतो. त्यावरून मी त्याला भरपूर छळलंय.

डिसेंबरात सर्व्हरचं कर्नल बदलायची वेळ आली. कर्नल म्हणजे आतला मुकादम. कुठलं काम आधी, कुणाला किती मेमरी, हे तोच ठरवतो. जुन्याला सुरक्षेचे अपडेट मिळणं बंद झालं होतं. नागेशनं नवं घातलं, चार दिवस डोळ्यात तेल घालून पाहिलं आणि आमच्या साहेबांना, व्यंकटरावांना, लिहून दिलं: स्थिर आहे.

ते चार दिवस येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, सुट्टीचे होते. येळवशीला आमच्याकडं अख्खं गाव रानात जेवायला जातं. केंद्रं बंद, हमाल आपापल्या गावी. नागेश रानात आंबील पिता पिता मोबाईलवरचा आलेख दाखवत होता, "बघ सविता, रेघ हलंना." मीही मान डोलावली. रिकाम्या सर्व्हरवर रेघ हलणार कशी, हे मला सुचलं नाही, याचा आजही राग येतो.

सोमवारी केंद्रं उघडली. साडेदहाला गर्दी उसळली आणि सर्व्हर गोठला, मग आपोआप बंद होऊन चालू झाला. शेवटच्या दहा मिनिटांतले नंबर गेले. नागेशनं जुनं कर्नल परत आणलं, पण तोवर जिंतूरच्या केंद्रावर नव्या नंबरासाठी झुंबड उडाली होती. कापूस घेऊन आलेल्या सुलाबाईंचा नंबर अठरावा होता, तो दोनशे अकरावा झाला. भावाचा टेम्पो त्यांना फक्त त्या दिवसापुरता मिळालेला.

त्यांचा फोन मी घेतला. साहेब हळूच म्हणाले, "नेट गेलं होतं म्हणा." नागेशनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला.

"मावशी, नेट गेलं न्हाई. चूक माझी हाय. नवी सिस्टीम मी येळवशीत तपासली आन् चांगली हाय म्हणून सांगितलं."

गाड्यांच्या आवाजातून सुलाबाईंचं बोलणं मलाही ऐकू आलं.

"येळवशीला तर आमी समदे रानात व्हतो, बाबा. मंग तू तपासलंस कुणावर?"

सुलाबाई भरला टेम्पो घेऊन परत गेल्या.

जुनं कर्नल किती दिवस चालवायचं, म्हणून साहेब रोज विचारतात. नागेशनं आता तपासणीसाठी वेगळ्या सर्व्हरवर खोट्या गाड्यांची मोठी रांग तयार केली आहे. अठराव्या नंबरला नाव घातलंय सुलाबाईंचं. तीनदा तपासलं, तीनदा नंबर टिकला. अहवालात 'स्थिर' लिहायची जागा मात्र त्यानं अजून कोरीच ठेवली आहे.